४३६ रुपयांची गोष्ट : विमा घेताना आधी क्लेमचा दिवस डोळ्यांसमोर आणा



मे महिना आला की संस्थेच्या ऑफिसात दोनच विषय असतात. बोटी कधी वर ओढायच्या आणि विम्याचं काय करायचं. १ जूनपासून बंदी, त्यामुळे माणसं घरी असतात, हातात थोडा वेळ असतो. नेमके तेव्हाच एजंटही जेटीवर फिरायला लागतात. मग रोज कोणीतरी येऊन विचारतं, "सेक्रेटरी, सगळ्यात स्वस्त विमा कुठला?"

आज या प्रश्नाचं उत्तर सविस्तर लिहितो. लेख लांब आहे, पण घरात बसून एकदा वाचा. त्याआधी एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला स्वतःलाच वाईट वाटतं, कारण त्यात माझीही चूक आहे.

दोन घरं, एक हंगाम

काही वर्षांपूर्वी एकाच हंगामात आपल्याकडची दोन माणसं गेली. दोन्ही बोटीवर गेली.

पहिला खलाशी डहाणूकडचा, वय तिशीच्या आत. जाळं सोडताना दोरीत पाय अडकला आणि पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सापडला. पोलिसांत नोंद झाली, पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झालं. त्याच्या गावच्या संस्थेने मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात त्याचं नाव घातलेलं होतं. बँकेत २० रुपयेवाला सरकारी विमाही चालू होता. कागदपत्रांसाठी आठ महिने फेऱ्या माराव्या लागल्या, पण घरी एकूण ७ लाख रुपये पोचले. माणूस परत आला नाही, पण पोरांची शाळा सुटली नाही.

दुसरे आपलेच एक तांडेल काका, वय ४७. बोट बाहेर असताना छातीत दुखायला लागलं. बोट परत फिरवली, पण किनारा येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेरावं झाल्यावर वहिनी पासबुक घेऊन ऑफिसात आल्या. मी कागद बघितले आणि माझा चेहरा पडला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, माणूस बोटीवरच गेला ना? मग विमा कसा नाही?"

त्याचं कारण असं. गट विमा अपघाताचा आणि २० रुपयेवाला विमाही अपघाताचा. हार्ट अटॅक हा अपघात नाही. कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख देणारा विमा वेगळा, त्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये. काकांनी तो फॉर्म भरलेला होता. पण मे अखेरीस हप्ता कापायची वेळ आली तेव्हा खात्यात ३१० रुपये होते. २० रुपये कापले गेले, ४३६ कापले गेले नाहीत. विमा तिथेच बंद पडला.

फॉर्म मीच भरून दिला होता. पण पुढच्या वर्षी हप्ता कापला गेला का, हे ना काकांनी बघितलं, ना मी. तेव्हापासून दर जूनमध्ये मी सभासदांची पासबुकं मागवतो. काही जण कंटाळतात, पण मी मागवतोच.

या गोष्टीतून मी जे शिकलो ते एका ओळीत सांगतो. विमा हप्ता बघून घ्यायचा नसतो. ज्या दिवशी पैसे मागायची वेळ येईल तो दिवस आधी डोळ्यांसमोर आणायचा. काय झालं तर पैसे मिळतील, किती मिळतील, कोणाला मिळतील आणि कुठले कागद लागतील, या चार प्रश्नांची उत्तरं ज्या पॉलिसीत स्पष्ट आहेत ती विश्वासाची. आणि तेवढीच उत्तरं कमी हप्त्यात मिळाली तर ती स्वस्त.

आधी जवळजवळ फुकटचं घ्या

एजंटकडे जाण्याआधी या चार गोष्टी पूर्ण करा.

१) मच्छीमारांचा गट अपघात विमा. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर २.५ लाख आणि अपघातानंतर दवाखान्याच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत अशी तरतूद आहे. वय १८ ते ७०. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मच्छीमाराला एक पैसा द्यायचा नाही. कोणी या विम्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका, आधी आम्हाला कळवा. यात एकच मेख आहे. नाव यादीत असलं तरच विमा. "गेल्या वर्षी होतं" म्हणून चालत नाही. यंदाच्या यादीत नाव आहे का, हे स्वतः बघून जा.

२) पंतप्रधान सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख. वय १८ ते ७०.

३) पंतप्रधान जीवन ज्योती विमा. वर्षाला ४३६ रुपये. कुठल्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख. वयाची १८ ते ५० वर्षं असताना घेता येतो, हप्ता चालू ठेवला तर ५५ पर्यंत चालतो. नवीन घेतल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूलाच पैसे मिळतात. म्हणजे एकदा तुटला की पुन्हा जोडताना परत ३० दिवसांची जोखीम.

हे दोन्ही विमे २०१५ साली सुरू झाले, सध्याचे हप्ते १ जून २०२२ पासूनचे. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये, म्हणजे महिन्याला ३८ रुपये पडतात. चार बँकांत खाती आहेत म्हणून चार वेळा घेऊ नका. पैसे एकदाच मिळतात, बाकीचे हप्ते वाया जातात.

आता हिशोब बघा. तिन्ही चालू असतील आणि माणूस समुद्रात बुडून गेला, तर ५ अधिक २ अधिक २, असे ९ लाख. हार्ट अटॅकने गेला तर फक्त जीवन ज्योतीचे २ लाख. आणि ती बंद असेल तर शून्य. काकांच्या घरी हेच झालं.

४) आयुष्मान कार्ड. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यातले उपचार मोफत. गुजरात सरकारने जुलै २०२३ पासून आपल्या राज्यात ही मर्यादा १० लाख केली. ७० वर्षांवरच्या आजी-आजोबांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट काढली आहे. डहाणू-तलासरीकडून आलेल्या खलाशांचं कार्ड महाराष्ट्राचं असलं तरी योजनेत असलेल्या सुरतच्या दवाखान्यात ते चालू शकतं. दाखल होतानाच काउंटरवर कार्ड दाखवा, बिल झाल्यावर नाही.

घरच्या कर्त्यासाठी वरचा विमा

२ लाखांत घर किती दिवस चालणार? ज्याच्यावर कर्ज आहे, लहान पोरं आहेत, त्याने साधा टर्म विमा घ्यावा. त्यात माणूस गेला तर घरच्यांना मोठी रक्कम मिळते, मुदत संपेपर्यंत जगला तर काही परत मिळत नाही. आपल्या लोकांना हेच पटत नाही. "पैसे परत येत नाहीत तर कशाला?" म्हणून एजंट "डबल होऊन मिळेल" अशी पॉलिसी गळ्यात मारतो. तिचा हप्ता मोठा, संरक्षण थोडं. दोन हंगाम मासळी कमी आली की हप्ता थकतो आणि पॉलिसी बंद पडते. बचत करायची तर वेगळी करा. बोटीच्या डिझेलला बोटीवरचं जेवण समजू नये, तसंच विम्याला बचत समजू नये.

इथे एक कामाची माहिती देतो. विम्यावर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे इर्डाई. तिने काही पॉलिसी अशा बनवल्या आहेत की त्यांच्या मूळ अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच. सरल जीवन बीमा म्हणजे साधा टर्म विमा, आरोग्य संजीवनी दवाखान्यासाठी आणि सरल सुरक्षा बीमा अपघातासाठी. अटी सारख्या असल्यामुळे तीन कंपन्यांचा हप्ता शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. सरल जीवन बीमा मच्छीमार आहे म्हणून किंवा शिक्षण कमी आहे म्हणून नाकारू नये, असं नियमातच आहे. त्यात पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूला पैसे मिळतात, तेवढं लक्षात ठेवा. आरोग्य संजीवनीत बिलाचा ५ टक्के वाटा आपल्याला भरावा लागतो.

फॉर्म भरताना बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, दारू, तंबाखू, सगळं खरं लिहा. एजंट म्हणेल, "काका, नको लिहू, हप्ता वाढेल." वाढू दे. लपवलेला आजार क्लेमच्या दिवशी दवाखान्याच्या कागदावर सापडतो आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

बोटीचा विमा : तौक्ते काय शिकवून गेलं

डिसेंबर २०१७ चं ओखी आठवतं ना? ५ तारखेच्या रात्री ते सुरतच्या किनाऱ्यावर येणार म्हणून सगळे जागे होतो. येता येता त्याचा जोर ओसरला आणि आपण वाचलो. पण १७ मे २०२१ ला तौक्ते दीव आणि उनाच्या मधे आदळलं आणि जाफराबादकडच्या आपल्या भाऊबंदांच्या बोटी फुटल्या. लक्षात घ्या, त्या बोटी समुद्रात नव्हत्या. इशारा मिळाल्यावर परत आणून बंदरात बांधलेल्या होत्या. एकमेकांवर आपटून, दोर तुटून फुटल्या. सरकारने नंतर मच्छीमारांसाठी १०५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण सरकारी मदत ही मदतच, तिच्यात नवी बोट उभी राहत नाही.

म्हणून बोटीची पॉलिसी घेताना हे प्रश्न विचारा आणि उत्तर तोंडी नाही, लेखी घ्या.

पहिला प्रश्न : फक्त पूर्ण नुकसान, की अर्धवट पण? बऱ्याच स्वस्त पॉलिसींत बोट पूर्ण बुडाली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली तरच पैसे मिळतात. बाजू फुटली, इंजिनात पाणी गेलं, तर काही नाही. हप्त्यात एवढा फरक का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसरा : बंदरात बांधलेली असताना आणि बंदीत वर ओढलेली असतानाही संरक्षण आहे का?

तिसरा : किती किमतीवर विमा आहे? बोट २० लाखांची आणि विमा १० लाखांचा काढला, तर अनेक पॉलिसींत ४ लाखांच्या नुकसानीला ४ लाख मिळत नाहीत, २ लाखांच्या आसपास मिळतात. आणि त्यातूनही सुरुवातीची ठरलेली रक्कम आपल्या खिशातून जाते. ती किती, तेही विचारा.

चौथा : इंजिन आणि जाळी धरली आहेत का? जाळी बहुतेक वेगळी सांगावी लागतात.

पाचवा : कुठल्या हद्दीपर्यंत? आणि बोट परदेशी यंत्रणेने पकडून नेली तर? साध्या बोट विम्यात जप्ती, युद्ध असले प्रकार सहसा वगळलेले असतात. लांब जाणाऱ्यांनी हे कलम मुद्दाम शोधून वाचा.

सहावा : बँकेचा बोजा आहे का? कर्जाच्या बोटीचे क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात. बँकेने काढलेला विमा फक्त कर्जाइतकाच आहे का, हे बघा. पॉलिसीची प्रत बँकेतच राहू देऊ नका, आपली एक प्रत घरी ठेवा.

सातवा : खलाशांचं काय? बोटीच्या विम्यात माणसं आपोआप येत नाहीत. कामावर असताना खलाशाला काही झालं तर भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. नाखवांनो, ही फक्त माणुसकीची गोष्ट नाही, कायद्याचीही आहे.

आता अटींचं. सागरी विम्याचा कायदा १९६३ चा आहे आणि तो अटींच्या बाबतीत कडक आहे. मालकाला माहीत असून नादुरुस्त बोट समुद्रात पाठवली आणि त्यामुळेच नुकसान झालं, तर कंपनी हात वर करू शकते. नोंदणी चालू, लायसन्स चालू, टोकन घेतलेलं, खलाशांची नावं बरोबर, हे सगळं जुळलं पाहिजे. आपल्या एका सभासदाने जुनं इंजिन काढून दुसरं बसवलं, पण नोंदणीत आणि पॉलिसीत नंबर बदलला नाही. इंजिन खराब झालं तेव्हा क्लेम एका आकड्यावर अडकला, तो वर्षभर सुटला नाही. इंजिन बदललं की आधी नोंदणी बदला, मग कंपनीला लेखी कळवा.

माणूस सापडलाच नाही तर

हे लिहायला जड जातं, पण समुद्राचं आपल्याला माहीत आहे. माणूस बेपत्ता झाला आणि सापडला नाही, तर कायद्यात साधारण सात वर्षं काहीच खबर नसेल तरच मृत्यू धरला जातो. ओखीनंतर दक्षिणेतल्या कुटुंबांवर हीच वेळ आली. तेव्हा केरळ सरकारने सात वर्षं न थांबता बेपत्ता मच्छीमारांच्या घरच्यांना मदत देण्याचा निर्णय घेतला. पण असा निर्णय सरकार दर वेळी घेईलच असं नाही.

म्हणून पुरावा महत्त्वाचा. टोकनमध्ये प्रत्येक खलाशाचं खरं नाव असू द्या. एकाच्या नावावर दुसरा जाणं बंद करा. बोटीवर ट्रान्सपॉन्डर असेल तर चालू ठेवा. बोट कुठे होती हे नंतर दाखवायला त्याची नोंद कामी येऊ शकते. घटना घडली की त्याच दिवशी पोलीस, मत्स्य खातं आणि संस्था, तिघांना कळवा.

विश्वासाचा एजंट कसा ओळखायचा

त्याचं लायसन्स मागा. कंपनी इर्डाईकडे नोंदलेली आहे का बघा. हप्ता रोख देऊ नका, एजंटच्या नंबरवर पाठवू नका. थेट कंपनीच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. कंपनीला पैसे पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, हे कायद्यातच आहे. एजंटच्या खिशातला हप्ता म्हणजे विमा नाही.

"माझ्या कमिशनमधले थोडे तुला परत देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, ते कायद्याने मना आहे. "इर्डाईमधून बोलतोय, तुमचा बोनस आलाय" असा फोन आला तर ठेवून द्या. इर्डाई विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. आयुर्विम्याची किंवा आरोग्याची पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते. तेवढ्यात घरातल्या शिकलेल्या पोरीला ती वाचायला द्या.

क्लेमच्या दिवशी

कंपनीला लगेच लेखी कळवा, पोच घ्या. फोटो, व्हिडिओ काढा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका, पण नुकसान आणखी वाढू नये म्हणून जे करणं भाग आहे ते करा आणि खर्चाची बिलं ठेवा. अपघाती मृत्यूत पोलीस नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम टाळू नका. दुःखाच्या वेळी "चिरफाड नको" असं घरच्यांना वाटतं, मला समजतं. पण त्या कागदाशिवाय अपघात सिद्ध करणं फार अवघड होतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. गुजरातसाठी त्यांचं ऑफिस अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. इर्डाईचा मदत नंबर १५५२५५ आहे, तक्रार बिमा भरोसा या पोर्टलवरही करता येते.

या आठवड्यात एवढं करा

पासबुक भरून आणा आणि २० आणि ४३६ रुपये गेल्या वर्षी कापले गेले का ते बघा. मे संपेपर्यंत खात्यात निदान ५०० रुपये राहू द्या. नॉमिनीचं नाव तपासा. आपल्याकडे काहींच्या नॉमिनीत अजून स्वर्गवासी आईचं नाव आहे. आणि पॉलिसी, पासबुक, आयुष्मान कार्ड कुठे ठेवलंय ते बायकोला सांगा. कागद पेटीत आणि पेटीची चावी समुद्रात, असं नको.

ज्यांना वाचता येत नाही किंवा समजत नाही त्यांनी कागद घेऊन ऑफिसात या. संध्याकाळी मी असतोच. तांडेल काकांच्या वहिनींनी आता धाकट्या मुलाचे दोन्ही विमे स्वतः काढले आहेत. दर जूनमध्ये त्या सगळ्यात आधी पासबुक घेऊन येतात, दारातूनच म्हणतात, "भाऊ, बघा, कापले का?" मी बघतो. यंदा तुमचंही बघायचं आहे.

हा लेख आपल्या बोटीच्या ग्रुपवर पाठवा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना जेटीवर वाचून दाखवा.

— सेक्रेटरी